पावसाळी हवेत मिस मारणारी जुनी पेट्रोल पिकअप

दमट सकाळी गाडी मिस मारते (मधेच ठिणगी चुकून इंजिन अडखळतं), चढावर ओढत नाही, अर्ध्या तासाने ठणठणीत. आणि कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, दोनदा उघडून झालाय. तुमची ही पोस्ट वाचून राहवलं नाही, याच दुखण्याने मलाही छळलंय. प्लग, एअर फिल्टर पाहिलेच असतील, ते सोडतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गाडी गरम आणि कोरडी असताना गॅरेजला नेणं. इंजिनाच्या उष्णतेने ओल उडते, दोष दिसत नाही, मग मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलत बसतो. गाडी रात्रभर तिथेच ठेवा आणि सकाळी थंड इंजिन त्यांच्यासमोर सुरू करायला लावा. यावर अडून बसा!

त्याआधी घरी एवढं करा. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. फवाऱ्याच्या बाटलीने प्लगच्या वायरी, कॉइल (व्होल्टेज वाढवणारी) आणि डिस्ट्रिब्युटर कॅपवर (प्लगच्या वायरी जिथून निघतात ते झाकण) पाण्याचा हलका फवारा मारा, एका वेळी एकाच जागी. जिथे निळी ठिणगी बाहेर उडते किंवा इंजिन अडखळतं, तिथे करंट गळतोय. व्होल्टेज हजारोंत असतं, वायरींना हात लावू नका. बाही पंख्यापासून लांब ठेवा. पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी करूच नका.

मग इंजिन बंद करून कॅप काढा आणि आतून टॉर्च तिरपा धरून बघा. एका टर्मिनलपासून दुसऱ्याकडे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर तो कार्बन ट्रॅक. बाहेर ओल असली की ठिणगी प्लगकडे न जाता त्या रेघेवरून पळते. पॉलिश पेपरने घासलेली कॅप फार दिवस टिकत नाही. कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर जोडीनेच बदला, वायरी एकेक करून नव्या कॅपवर न्या, म्हणजे फायरिंग ऑर्डर (सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम) चुकत नाही.

कॅप स्वच्छ निघाली, आणि त्रास शून्य ते दहा अंशांच्या दमट थंडीत, सुरू केल्यावर काही मिनिटांनी होत असेल, तर कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरत असणार. दहा मिनिटं बंद ठेवून गाडी नीट चालली तर शंका पक्की. एक्झॉस्टवरून एअर क्लीनरकडे गरम हवा नेणारा पाइप शोधा. तो बरेचदा फाटलेला किंवा कुणीतरी काढून फेकलेला असतो.

गाडी न बघता लिहितोय, तेवढी सूट द्या. आणि तोवर इंजिन पाण्याच्या प्रेशरने धुऊन घेऊ नका.