थोड्या भांडवलात घरगुती उद्योग सुरू करायचाय, महिलांच्या उद्योगांकडून काय शिकावं?

भांडवल कमी आहे म्हणून थांबला असाल, तर आधी लिज्जतची सुरुवात बघा. १५ मार्च १९५९, गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची, सात गृहिणी आणि उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी पापडाची फक्त चार पाकिटं तयार झाली.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो त्यांचा पहिला पावसाळा. ऊन नाही, पापड वाळेनात, चार महिने काम बंद. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला, काम सुरू राहिलं. तुमच्या धंद्यातही असा एखादा 'पावसाळा' असणारच. तो कधी येतो ते आत्ताच वहीत लिहून ठेवा.

दुसरं म्हणजे दर्जा. सुरुवातीला त्या स्वस्तातला, जरा कमी प्रतीचा पापडही करायच्या. मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी तो बंद करायला लावला आणि हिशेब चोख ठेवायला शिकवलं. नवीन माणूस नेमका इथेच घसरतो: गिऱ्हाईक जाईल या भीतीने भाव पाडतो, मग मालही पाडतो. कृपा करून हे करू नका.

तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, हेही त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं.

आणि कामाची पद्धत बघा. पीठ केंद्रात मळून मिळतं, बायका ते घरी नेऊन लाटतात, दुसऱ्या दिवशी पापड तोलून देतात. चव एकच राहते आणि घरही सांभाळता येतं.