दुपारी ऊन, पहाटे दहिवर: वसंतातल्या बागेसाठी कृषी सल्ला

सध्या येणाऱ्या बहुतेक प्रश्नांचे मूळ एकच आहे. थंडी हळूहळू वाढली तर झाड तिला सरावते. पण चार-सहा उबदार दिवसांत कोवळी फूट निघाली आणि मग एका रात्रीत पारा घसरला, तर ती फूट टिकत नाही.

प्रश्न: मोबाइलवर किमान तापमान ३ अंश दाखवत होते. तरी टोमॅटो आणि काकडीची रोपे सकाळी काळी पडली. असे कसे?

हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, पेटीत असतो. रोप मात्र उघड्यावर, जमिनीलगत असते. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री पाने आपली उष्णता थेट आकाशात सोडतात, त्यामुळे पानांपाशी पारा ३-४ अंश आणखी खाली जाऊ शकतो. अंदाजात ४ अंश दिसले की शून्याची तयारी ठेवा. संध्याकाळी आकाश स्वच्छ, वारा बंद आणि हवा कोरडी असेल तर अंदाज काहीही सांगो, नाजूक रोपे झाकाच. ढगाळ रात्री एवढी धास्ती नको.

काळी पडलेली रोपे बागेत नेमकी कुठे होती, तेही पाहा. थंड हवा जड असते. ती उताराने वाहत येऊन सखल कोपऱ्यात किंवा भिंतीच्या चढाकडच्या बाजूला साचते. अशा जागी कोबी, वाटाणा चालतो, काकडी नको.

प्रश्न: रोपांभोवती गवताचे जाड आच्छादन केले होते. तरी उघड्या वाफ्यापेक्षा याच वाफ्यात नुकसान जास्त झाले.

तुमचे निरीक्षण बरोबर आहे, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येते. आच्छादन मुळांना जपते, पानांना नाही. दिवसा ते ऊन मातीपर्यंत पोचू देत नाही आणि रात्री मातीतली ऊब वर येऊ देत नाही. थंडीचा इशारा असेल त्या दिवशी सकाळीच गवत बाजूला ओढून माती उन्हाला उघडी करा. माती कोरडी असेल तर दुपारपूर्वी पाणी द्या. ओली, बसलेली माती कोरड्या भुसभुशीत मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते, म्हणून त्या दिवशी खुरपणीही टाळा. पाणी मातीला द्यायचे, पानांवर मारायचे नाही, आणि वाफ्यात तुंबू द्यायचे नाही.

झाकण ऊन उतरायच्या आत घाला. कापड जमिनीपर्यंत आणून कडा मातीने दाबा. पुष्कळजण कापड झाडाच्या डोक्यावर घालून खोडाशी बांधतात. त्याने काही साधत नाही, कारण ऊब येते ती जमिनीतून. पातळ पांढऱ्या क्रॉप कव्हरने १ ते ३ अंशांचा फरक पडतो. प्लास्टिक वापरणार असाल तर खाली काड्यांचा सांगाडा हवा. जिथे ते पानाला टेकते तिथे पान करपते. सकाळी ऊन वर आले की झाकण काढा, नाहीतर रात्री वाचलेले रोप दुपारी उकडून जाईल.

प्रश्न: सफरचंदाची झाडे फुलांवर आहेत. रात्रभर तुषार सिंचन चालवू का?

पाणी गोठताना ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता सोडते, म्हणून हा उपाय चालतो. पण पंप मध्येच बंद पडला तर बाष्पीभवन सुरू होते आणि ते ग्रॅममागे ६०० कॅलरींच्या आसपास उष्णता ओढून घेते. म्हणजे काहीच केले नसते तर बरे, अशी गत. सकाळी बर्फ वितळेपर्यंत पाणी आणि वीज पुरेल याची खात्री नसेल, तर या वाटेला जाऊ नका. पूर्ण उमललेल्या फुलांपैकी उणे २.२ अंशाला अर्ध्या तासात साधारण दहातले एक मरते, उणे ३.९ अंशाला दहातली नऊ. पाकळ्यांवरून अंदाज करू नका. काही फुले ब्लेडने उभी कापून पाहा. मधला भाग हिरवा असेल तर फळ धरण्याची आशा आहे, तपकिरी असेल तर ते फूल गेले.

प्रश्न: करपलेल्या फांद्या लगेच छाटू का?

नको. नवी फूट कुठून निघते ते दिसू द्या, मग छाटा. तोवर नत्र खतही देऊ नका. त्याने येणारी लुसलुशीत वाढ पुढच्या थंडीत आधी जाते.

प्रश्न: रोपवाटिकेतली रोपे बाहेर लावताच पानांवर पांढरे चट्टे पडले. खत कमी पडले का?

खताचा संबंध नाही. सावलीतल्या रोपाला एकदम कडक ऊन लागले. पुढच्या खेपेला ७ ते १० दिवस रोपे काटक करून घ्या: आधी तासभर बाहेर सावलीत, मग सकाळचे कोवळे ऊन, मग पूर्ण दिवस. या काळात पाणी थोडे कमी करा, पण रोप कोमेजू देऊ नका. टोमॅटो, मिरची, वांगी लावण्याआधी रात्रीचे तापमान १० अंशांच्या वर स्थिरावू द्या. चट्टे पडलेला भाग पुन्हा हिरवा होणार नाही. शेंडा हिरवा असेल तर रोप उपटू नका, आठवडाभर दुपारची सावली द्या.