ऑफिसचा ईपीएबीएक्स (ऑफिसमधले सगळे फोन जोडणारी यंत्रणा) घेताना
फीचरची यादी बाजूला ठेव. आधी आठवडाभर रिसेप्शनपाशी बसून फोन कुठे अडकतो ते बघ. आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत ऑर्डरचे फोन नुसते वाजत राहायचे. मग रिंग ग्रुप लावला: रिसेप्शनने 15 सेकंदांत उचलला नाही, की सेल्सच्या तिन्ही टेबलांवर एकदम घंटी. बरीच कटकट तेवढ्यानेच संपली.

आयव्हीआरमध्ये ('अमुकसाठी एक दाबा' सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज) चारच्या वर पर्याय नकोत, आणि शून्य दाबल्यावर माणूसच भेटला पाहिजे.

पीआरआय लाइनवर (टेलिफोन कंपनीची डिजिटल लाइन) एका वेळी 30 कॉल चालतात. वीस माणसांच्या ऑफिसला ते फार होतात. एसआयपी ट्रंकवर (इंटरनेटसारख्या डेटा लाइनवरून चालणारी फोन लाइन) लागतील तेवढे चॅनेल, म्हणजे एका वेळचे कॉल, घेता येतात. मात्र जी.711 कोडेकला (आवाजाचा डेटा करायची एक पद्धत) एका कॉलमागे जाता-येता प्रत्येकी साधारण 90 केबीपीएस डेटा लाइनचा वेग धर.

आयपी फोनला (नेटवर्कवर चालणारा फोन) वीज सहसा पीओई स्विचमधून (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणारा स्विच) मिळते, म्हणून स्विच आणि राउटरही यूपीएसवर घे. नुसता ईपीएबीएक्स यूपीएसवर, आणि लाइट गेल्यावर सगळी टेबलं मुकी, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

डिफॉल्ट पासवर्ड पहिल्याच दिवशी बदल. आयएसडी (परदेशी कॉल) गरज असेल त्याच एक्स्टेंशनला उघड. चोर रात्री, सुट्टीच्या दिवशी सिस्टिममध्ये शिरून परदेशी कॉल लावतात आणि बिल आपल्या नावावर फाटतं.