मुलीला नुकतंच लायसन्स मिळालंय. गाडी चालवताना तिच्या फोनचं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी गाडी नीट चालवते, पण फोन वाजला की तिचं लक्ष तिकडे जातंच. ओरडून झालं, धाक दाखवून झाला, आता हँड्सफ्री घेऊन दिला तर चालेल का, असं तुम्ही विचारताय. मी गाडी शिकवतो आणि माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं तिच्याच वयाची असतात. माझं मत सांगतो: हँड्सफ्रीवर पैसे घालवू नका, आणि सुरुवात तिच्या फोनपासून न करता तुमच्या स्वतःच्या फोनपासून करा.

आधी शेजारच्या सीटवर बसून मला जे दिसतं ते सांगतो. चालवणाऱ्याच्या खिशात फोन नुसता थरथरला, त्याने तो बाहेरही काढला नाही, तरी गाडीत फरक पडतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल होतो आणि वेग किंचित उतरतो. आरशात बघणं थांबतं. गाडी हळूहळू लेनच्या एका कडेला सरकत जाते आणि मग भान आल्यावर झटक्यात सरळ होते. विचारलं तर मुलं अगदी मनापासून सांगतात, ‘सर, मी रस्त्याकडेच बघत होतो.’ आणि ते खोटं नसतं. डोळे रस्त्यावरच असतात, डोक्यात मात्र ‘कोणाचा असेल?’ हे चालू असतं.

जुन्या चालकाचे हातपाय बरीचशी कामं आपोआप करतात. नवशिक्याला गिअर, आरसा, इंडिकेटर, पुढच्या गाडीचं अंतर हे सगळं ठरवून करावं लागतं, त्यामुळे फोनसाठी वेगळं काढायला त्याच्याजवळ लक्षच उरत नाही. अमेरिकेत गाड्यांमध्ये कॅमेरे बसवून केलेला याबद्दलचा एक अभ्यास 2014 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. लायसन्स नुकतंच मिळालेल्या मुलांमध्ये फोनवर नंबर लावताना अपघाताचा, किंवा अपघात थोडक्यात टळण्याचा, धोका सुमारे 8 पट झाला. फोन घ्यायला हात लांब करताना तो 7 पट झाला आणि मेसेज करताना जवळजवळ 4 पट. अनुभवी चालकांमध्ये नंबर लावताना तो अडीच पटच होता. म्हणजे जी गोष्ट करून तुम्ही सहीसलामत सुटता, तीच तिच्या हातून झाली तर तिला तुमच्याहून कितीतरी जास्त महागात पडू शकते. याच अभ्यासातली अजून एक गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते. ही मुलं सुरुवातीला जपून चालवत होती, पण जसे महिने गेले तशा त्यांच्या या उचापती वाढत गेल्या. हात बसला की धीर चेपतो. तुम्ही आज जे बजावून सांगाल, ते चार-सहा महिन्यांनी पुन्हा सांगावं लागणार आहे, हे धरूनच चाला.

हँड्सफ्रीबद्दल सांगायचं तर, नुसत्या बोलण्याने धोका किती वाढतो यावर संशोधकांचं एकमत नाही. वर सांगितलेल्या अभ्यासात केवळ बोलल्यामुळे धोका वाढलेला दिसला नाही. पण 1997 मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताची शक्यता चौपट आढळली होती आणि हँड्सफ्री वापरणारे त्यातून सुटले नव्हते. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर यांचे प्रयोग मला यात जास्त पटतात, कारण मी रोज जे बघतो त्याच्याशी ते जुळतात. हँड्सफ्रीवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्यावरच्या वस्तूंवर गेली होती, तरी नंतर त्यांना त्या ओळखता येत नव्हत्या. शेजारी बसलेला मोठा माणूस अवघड वळण दिसलं की आपसूक गप्प होतो. फोनवरच्या माणसाला ते वळण दिसतच नाही, तो बोलतच राहतो.

‘मी फोन फक्त सिग्नलला थांबल्यावर बघते’ हे उत्तर तुम्हाला मिळालं असेलच. स्ट्रेयर यांनीच ‘एएए फाउंडेशन’ या रस्ते सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेसाठी केलेल्या 2015 च्या अभ्यासात असं दिसलं, की गाडीतल्या यंत्रणेला बोलून सूचना दिल्यावर मन पूर्ण ताळ्यावर यायला 27 सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. ताशी 40 किलोमीटरने तेवढ्या वेळात गाडी 300 मीटर जाते. सिग्नल हिरवा झाला म्हणून डोकंही लगेच हिरवं होतं, असं नाही. मेसेज वाचण्यालिहिण्यात तर नजर सलग 5 सेकंदही खाली राहते. ताशी 60 किलोमीटरला ते 80 मीटरहून जास्त अंतर झालं, न बघता कापलेलं.

आता तुमच्या फोनबद्दल. 2014 मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी किशोरवयीन मुलांना विचारलं, की गाडी चालवताना तुम्ही फोनवर कोणाशी बोलता? मित्रमैत्रिणी होत्याच, पण बऱ्याच मुलांनी आई किंवा बाबा असं सांगितलं. फोन उचलला नाही तर घरी रागावतात, असंही त्यांचं म्हणणं होतं. मला याचं जराही आश्चर्य वाटलं नाही. शिकवणीच्या गाडीतसुद्धा जे फोन वाजतात त्यातले कितीतरी घरून आलेले असतात, ‘झालं का? निघालास का?’ एवढंच विचारायला. ज्या मुलीला लहानपणापासून ‘फोन लागलाच पाहिजे’ म्हणून शिकवलं, तिने तुमचा फोन वाजत असताना स्टिअरिंगवरचा हात काढायचा नाही, ही अपेक्षा तिच्यावर अन्याय करणारी आहे. तेव्हा तिला तुमच्या तोंडून स्पष्ट ऐकू द्या: गाडीत असशील तर माझा फोन उचलायचा नाही, मी रागावणार नाही. आणि खरंच रागावू नका. ती निघताना एक मेसेज करेल, पोचल्यावर एक करेल, मधल्या वेळात घरातलं कोणीही तिला फोन लावायचा नाही. काळजी वाटत असेल तर दोघींच्या संमतीने लोकेशन शेअर करा, पण मग नकाशावर ठिपका हलताना दिसत असताना फोन करायचा नाही, हे आलंच.

तिच्या फोनची व्यवस्था सोपी आहे. आयफोनमध्ये 2017 पासून गाडी चालवताना नोटिफिकेशन बंद ठेवण्याची सोय आहे, अँड्रॉइडच्या अनेक फोनमध्येही ती मिळते. समोरच्याला ‘मी गाडी चालवतेय’ असं उत्तर आपोआप जातं, त्यामुळे मैत्रिणींना उत्तर दिलं नाही ही रुखरुखही राहत नाही. रस्ता आणि गाणी गाडी सुरू करायच्या आधी लावायची. फोन मागच्या सीटवर, बॅगेत, चेन लावून. डॅशबोर्डवर उलटा ठेवलेला फोन चालणार नाही, कारण हात पोचतो तिथवर मोह पोचतो. रस्ता चुकला तर सुरक्षित जागी गाडी बाजूला घेऊन बघायचं.

आणि मित्रमैत्रिणी. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण फोन ठेवून दिला तरी मागे बसलेली तीन पोरं व्हिडिओ दाखवायला फोन पुढे करतातच. ‘एएए फाउंडेशन’ने 2012 मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार अमेरिकेतल्या 16-17 वर्षांच्या चालकासोबत 21 वर्षांखालची तीन किंवा अधिक मुलं असतील आणि मोठं कोणी नसेल, तर त्या चालकाच्या मृत्यूचा धोका एकट्याने चालवण्याच्या चौपट होतो. पहिले काही महिने एकच मैत्रीण, तीही शेजारी आणि नकाशाची जबाबदारी तिच्याकडे, असं ठरवलंत तर तिला तुरुंगात टाकल्यासारखं वाटणार नाही.

तुम्ही स्वतः गाडी चालवता तेव्हाही हेच नियम लावा, तिच्यासमोर आणि तिच्यामागे. चार-सहा महिन्यांनी एकदा तिच्या शेजारी बसून कुठेतरी जाऊन या. निघताना ती फोन कुठे ठेवते एवढंच बघा. समोर ठेवला, तर गाडी सुरू होण्याआधी तो मागे ठेवायला सांगा आणि त्या संध्याकाळी पुन्हा एकदा सगळं सुरुवातीपासून बोला.