कादंबरीचं बघू, आधी त्या पॉलिसीचं बोलू

कोल्हापूरहून एका लेखकाचं पत्र आलंय. वय ४३, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत अकाउंट्सला, हातात पगार ४६ हजार. पहाटे पाच ते सात लिहितात, मग डबा घेऊन कामाला. रविवारी करवीर नगर वाचन मंदिरात. कथा दिवाळी अंकात येतात, आता तीनशे पानांची कादंबरी तयार आहे. प्रकाशक म्हणतोय १ लाख ८० हजार द्या, ५०० प्रती काढू, १५ टक्के रॉयल्टी देऊ. ठेव ६ लाखांची आहे, त्यातून द्यावेत का, आणि पुढची कादंबरी लिहायला वर्षभर नोकरी सोडली तर जमेल का, एवढंच विचारलंय.

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ: "शिवाय बँकेतल्या साहेबांनी एक गॅरंटीड इन्कम प्लॅन दिलाय, वर्षाला १ लाख, चार हप्ते झाले, म्हातारपणी रॉयल्टीसारखे पैसे येत राहतील म्हणाले, विमा १० लाखांचा आहे."

दादा, मी तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्याच ओळीवर अडकलो. रॉयल्टीसारखे! लेखक माणूस समोर बसलाय म्हटल्यावर त्याला नेमका कुठला शब्द आवडेल हे त्या साहेबांना बरोबर कळलं, बाकी तुमच्या घराबद्दल त्यांनी काहीच विचारलेलं दिसत नाही, कर्ज किती, मुलगी केवढी, तुमच्यामागे कमावणारं कोण, काहीच नाही.

आधी पॉलिसीचा हिशोब. दहा वर्षं लाख लाख भरायचे, मग थोडं थांबायचं, आणि तेराव्या वर्षापासून बारा वर्षं दरसाल १ लाख ६० हजार. दहा लाख भरा, १९ लाख २० हजार घ्या, ऐकायला दुप्पट. पण पैसे किती वर्षं अडकून पडतात ते धरलं की परतावा येतो सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. आणि महिन्याला जे १३ हजार म्हणून दाखवलेत ते आजपासून आठ वर्षांनी सुरू होणार, महागाई सहा टक्के धरली तर आजच्या भावाने साडेआठ हजारांसारखे, शेवटच्या वर्षापर्यंत साडेचार हजारांसारखे. ह्यावर म्हातारपण निघेल असं कुणी सांगितलं असेल तर त्याने तुम्हाला फसवलंय, मी ह्यापेक्षा मऊ शब्द वापरणार नाही.

पण परतावा कमी हे एक वेळ सोडून देऊ. खरी भीती दुसरीच आहे. तुमच्यावर ११ लाखांचं गृहकर्ज बाकी आहे, मुलगी नऊ वर्षांची, वहिनी घरी ब्लाउज शिवून महिन्याला तीन-चार हजार कमावतात. उद्या तुम्हाला काही झालं तर १० लाख येतील आणि कर्जसुद्धा पूर्ण फिटणार नाही. वर्षाला लाख रुपये विम्याच्या नावाखाली भरणाऱ्या माणसाच्या घराला विमाच नाही. आणि मेडिक्लेम फक्त कंपनीचा, म्हणजे ज्या दिवशी लिहायला म्हणून नोकरी सोडाल त्या दिवशी तोही गेला.

म्हणून करायचं ते असं. एक कोटीचा साधा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, वयाच्या साठाव्या वर्षापर्यंतचा, तुमच्या वयाला वर्षाला वीस हजारांच्या आसपास पडेल. फॉर्ममध्ये तंबाखू खात असाल तर खातो म्हणून लिहा, हप्ता वाढू दे, लपवलंत तर नेमका क्लेमच्या वेळी घरच्यांना त्रास होईल. घेतानाच तो १८७४ च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली घ्या, वेगळा अर्ज असतो, मग ते पैसे वहिनी आणि मुलीचेच राहतात, ज्यांचं कर्ज आहे त्यांना हात लावता येत नाही. तिघांचा मिळून १० लाखांचा आरोग्य विमा घ्या, त्याला साधारण पंचवीस हजार धरा. झाले पंचेचाळीस हजार.

हे पैसे येणार त्या पॉलिसीतूनच. पाचवा हप्ता भरू नका, पॉलिसी पेडअप होऊ द्या, म्हणजे पुढचे हप्ते बंद पण पॉलिसी कमी रकमेवर चालू. दहातले चार हप्ते भरलेत तर साधारण त्याच प्रमाणात, म्हणजे दरसाल ६४ हजार, ठरलेल्या वेळी मिळत राहतील, पण आकडा कंपनीकडून लेखी मागून घ्या. सरेंडर करून टाका, म्हणजे मोडून पैसे घ्या, असं कुणी सांगेल, करू नका, आत्ता दोनेक लाख हातात येतील आणि ते पेडअपपेक्षा तोट्याचं आहे. उरलेले सहा हप्ते भरले तर त्या सहा लाखांवर परतावा सव्वासहाच्या आसपास पडतो, पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह खातं, ७.१ देतोय. फरक फार मोठा नाही हे मी कबूल करतो. पण तुमच्याकडे दरसाल मोकळे होणारे हेच एक लाख आहेत, दुसरे नाहीत, आणि ते आधी घरच्यांच्या संरक्षणाला जायला पाहिजेत.

आता तुमचा प्रश्न. किंमत ४०० धरा, १५ टक्के म्हणजे प्रतीमागे ६० रुपये, पाचशेच्या पाचशे खपल्या तरी ३० हजार. १ लाख ८० हजार देऊन ३० हजार. दुसरी आवृत्ती वर्षात निघेल, वेबसिरीजवाले विचारतील असं लिहिलंय तुम्ही, निघाली तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल, पण आज मी त्याला शून्य धरणार. गेल्या दिवाळीत तीन कथांचे मिळून तीन हजार आले, हा आकडा तुम्हीच कळवलाय.

सगळा खर्च तुम्ही उचलणार असाल तर पुस्तक तुमचं, मग रॉयल्टी १५ टक्केच का? कोल्हापुरातल्या दोन छापखान्यांची कोटेशन आणा आणि समोर ठेवा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे लावलेत का बघा. आणि तो करार. "सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे" असं असेल तर सही नाही करायची. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायद्याने हक्कांचं हस्तांतर पाच वर्षांचं धरतात, पण एकदा कायमस्वरूपी लिहून दिलंत की संपलं. लेखकाचा हक्क तो जिवंत असेपर्यंत आणि नंतर ६० वर्षं असतो, म्हणजे ही कादंबरी तुमच्या मुलीची मालमत्ता आहे, मृत्युपत्रात कादंबरीच्या हक्कांची ओळ असायला पाहिजे. माझं मत विचाराल तर ह्या प्रकाशकाला नाही म्हणा आणि हस्तलिखित पैसे न मागणाऱ्या चार ठिकाणी पाठवा, वर्ष जाईल, जाऊ दे.

वर्षभर नोकरी सोडायचं गणित बसतच नाही. घरखर्च कर्जाच्या हप्त्यासकट महिन्याला ३६ हजार, वर्षाचे सव्वाचार लाखांच्या वर, त्यात पॉलिसीचा एक लाख आणि प्रकाशकाचे एक लाख ऐंशी हजार, ठेव नवव्या महिन्यातच संपेल आणि मुलीची फी पुढे उभी. बरं ती ठेवही अख्खी एका पतसंस्थेत, अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून. ठेवींवर ५ लाखांपर्यंतचं जे विमा संरक्षण आहे ते बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना नाही. मुदत संपली की दोन बँकांत विभागून ठेवा.

नोकरी करत लिहिणं म्हणजे कमी लेखक असणं असं तुमच्या पत्रात दोनदा आलंय, ते वाचून वाईट वाटलं. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते आणि लिहीत होते, मग कोल्हापुरात आले तेव्हा सिनेमाच्या पटकथांनी घर चाललं. शिवाजी सावंत तुमच्याच गावात राजाराम हायस्कूलात शिक्षक होते.

आणि एक बघा. हप्त्याच्या एक लाखातून पंचेचाळीस गेले की पंचावन्न हजार उरतात. तुमचा महिन्याचा पगार ४६ हजार. म्हणजे दरवर्षी एक महिना बिनपगारी रजा, घर जसंच्या तसं चालवून, शिवाय मुद्रितशोधनाला नऊ हजार. मार्चची गडबड संपली की एप्रिल मागा, अकाउंट्सवाल्याला एप्रिल मिळू शकतो. चार वर्षं तुम्ही हा महिना त्या प्लॅनला देत होतात.

फक्त क्रम चुकवू नका. पाचवा हप्ता पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला आहे, वार्षिक हप्ता तारखेनंतर ३० दिवसांपर्यंत भरायची सवलत असते. टर्मचा अर्ज ह्याच आठवड्यात भरा, मेडिकल करून घ्या, आणि ती पॉलिसी हातात पडल्यावरच जुनीचा हप्ता थांबवा. सवलतीचे दिवस संपत आले आणि टर्म अडकली तर मला परत लिहा, मेडिकलचे रिपोर्ट जोडून.