‘आयर्विनला किती फूट?’

मावशी माझ्याकडं समुपदेशनासाठी पहिल्यांदा आल्या त्या 2022 च्या जूनमध्ये. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला आणि दोन मिनिटांत परत सुलटा केला. स्क्रीनवर पाणीपातळीचा मेसेज होता. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना ‘कसं काय’ विचारायच्या आधी ‘आयर्विनला किती?’ विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलंय, त्यामुळं मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. पण त्या दिवशी कृष्णा पार तळाशी होती. पाऊस अजून धड सुरूही झाला नव्हता.

“मॅडम, मी ख्रिस्ती आहे,” त्या म्हणाल्या. “देवावर भरवसा आहे माझा. मग रात्री दोन वाजता उठून मी दाराखाली हात घालून का बघते, ओलं लागतंय का म्हणून? माझा विश्वास खोटा आहे का?”

हा प्रश्न माझ्याकडं दरवर्षी येतो. कधी पुराच्या निमित्तानं, कधी कॅन्सरच्या, कधी परगावी नोकरीला गेलेल्या मुलाच्या. बायका आवाज खाली आणून विचारतात. पुरुष विचारत नाहीत, त्यांच्या बायका येऊन विचारतात. म्हणून मावशींची हकिकत त्यांच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांचं घर नदीपासून फार लांब नाही. 2005 च्या पुरात पाणी पायरीला लागून परत गेलं होतं. त्यामुळं 2019 च्या ऑगस्टमध्ये आजूबाजूची घरं रिकामी व्हायला लागली तेव्हा मुलगा म्हणाला, निघूया. मावशींनी नकार दिला. भिंतीवर बायबलातलं एक्याण्णवावं स्तोत्र फ्रेम करून लावलेलं होतं, ‘जो परात्पराच्या गुप्त स्थली वसतो’. त्याच्याकडं बोट दाखवून त्या म्हणाल्या, देवानं शब्द दिलाय, आपल्या घराला काही होत नाही. त्या वेळी आयर्विन पुलाजवळ धोक्याची 45 फुटांची पातळी केव्हाच मागं पडली होती. पाणी शेवटी 57 फुटांच्या वर गेलं. घरात कमरेच्या वर पाणी. नव्वदीला टेकलेल्या सासूबाईंना जिन्यावरून बोटीत उतरवताना त्यांचा हात निखळला. नवऱ्याचं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं आणि फ्रिज स्वयंपाकघरात आडवा तरंगत होता.

सगळे वाचले. पण छावणीत एका शेजारणीनं विचारलं, “काय गं, तुझा देव कुठं गेला?” पुढं 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा दारात आलं. तेव्हापासून झोप गेली. आणि प्रार्थनेच्या गटातल्या एका बाईंनी सांगितलं की भीती हा अविश्वास आहे आणि अविश्वास हे पाप आहे. म्हणजे पुराची भीती होतीच, वर भीती वाटते याची भीती.

इथं माझं चुकलेलं सांगते. मीही ख्रिस्ती. दुसऱ्याच भेटीत मी मत्तयाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय काढला. येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून सैतान म्हणतो, मार उडी, देव आपल्या दूतांना आज्ञा देईल आणि ते तुला झेलतील. सैतान तिथं जो शास्त्रलेख वापरतो तो नेमका एक्याण्णवाव्या स्तोत्रातला आहे. आणि येशू त्याला उत्तर देतो की देवाची परीक्षा पाहू नये. मला वाटलं मी मोठी गाठ सोडवली. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं, पिशवी उचलली आणि पुढचे तीन आठवडे आल्या नाहीत. ज्या बाईला आधीच वाटतंय की आपल्यामुळं सासूचा हात निखळला, तिला मी काय सांगितलं होतं? तुम्ही सैतानाच्या बाजूनं स्तोत्र वाचलंत. ओळ बरोबर असून चालत नाही, समोरच्या माणसाच्या जखमेवर ती कधी ठेवायची हे कळावं लागतं. मला कळलं नाही.

त्या परत आल्या तेव्हा बरोबर पुरातलं बायबल घेऊन आल्या. पानं फुगून पुस्तक दुप्पट जाड झालेलं, कडेनं चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ. पंख्याखाली वाळवताना पानांत टाल्कम पावडर टाकली होती म्हणे, अजून वास येत होता. त्या दिवशी मी काही वाचून दाखवलं नाही. “झोप किती होते? जेवता कधी?” एवढंच विचारलं. उत्तर होतं, अडीच-तीन तास झोप आणि संध्याकाळी चहा-बिस्कीट.

बायबलातल्या राजांच्या पहिल्या पुस्तकात एलीया संदेष्टा असाच थकतो. रानात एका झुडपाखाली पडून म्हणतो, आता मला मरण येऊ दे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून जेवू घालतो. तुझा विश्वास कुठं गेला, असं त्याला कुणी विचारत नाही. ही गोष्ट ऐकून मावशी पहिल्यांदा थोड्या हसल्या. म्हणाल्या, “भाकर तरी दिली. आमच्यात लगेच वचन देतात.”

मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. गोळी घ्यायला त्या तयार नव्हत्या. गोळी म्हणजे देवावर भरवसा नाही, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. हे मिरजेपासून आठ-दहा किलोमीटरवर बसून ऐकायचं म्हणजे कमाल आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत दवाखाना सुरू केला. त्या मिशन हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची आणि मग ऑपरेशन व्हायचं. मावशींची तीन बाळंतपणं तिथंच झालेली. “तेव्हा प्रार्थना केली म्हणून टाके घालून घेतले नाहीत का?” मी विचारलं. दोन आठवड्यांनी झोप साडेपाच तासांवर आली.

मग आम्ही भीतीकडं वळलो. दाराखाली हात घालणारी बाई वेडी नाही आणि अविश्वासूही नाही. तिच्या अंगानं एकदा रात्री पाणी पाहिलंय आणि ते अंग आता पहारा देतंय. त्याला ‘गप बस, देव आहे’ म्हणून दटावलं की ते आणखी जागतं. त्याला काम द्यावं लागतं. मोबाइलवर पातळी बघायची ती सकाळी आठला आणि रात्री आठला, मधे नाही. एका कागदावर लिहिलं: 30 फुटांना कागदपत्रं आणि इन्सुलिन वरच्या मजल्यावर. 35 ला सासूबाई विश्रामबागेत मुलीकडं. 40 ला, म्हणजे इशारा पातळीला, सगळे बाहेर, चर्चा नाही. गॅसचा सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीनं बांधायचा. मागच्या वेळी तो घरभर फिरून कपाटाच्या काचा फोडून आला होता.

“हे लिहिलं म्हणजे मी देवावर सोडलं नाही, असं होत नाही का?” मावशींचा प्रश्न.

तेव्हा प्रेषितांच्या कृत्यांतला सत्ताविसावा अध्याय आम्ही दोघींनी पूर्ण वाचला, जुन्या बायबलातूनच, चिकटलेली दोन पानं पट्टीनं सोडवत. वादळात सापडलेलं तारू. त्यातल्या पौलाला, येशूच्या प्रेषिताला, देवानं सांगितलंय की कुणाचाही जीव जाणार नाही, तारू मात्र जाईल. एवढं आश्वासन मिळाल्यावर पौल हात जोडून बसलेला नाही. खलाशी होडीतून पळायला निघतात तेव्हा तो शताधिपतीला, म्हणजे शंभर शिपायांच्या नायकाला, सांगतो, हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. उपाशी माणसांना धरून जेवायला लावतो. शेवटी तारू फुटतं आणि 276 माणसं कुणी पोहत, कुणी फळ्या धरून किनाऱ्याला लागतात.

मावशी बराच वेळ त्या फळ्यांवर थांबल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे घर जाणार नाही असं देव बोललाच नव्हता. ते मी बोलले होते.”

मी मान हलवली नाही, काही जोडलंही नाही. एकदा जोडून पाहिलं होतं. एक्याण्णवाव्या स्तोत्राच्या शेवटाकडं देव म्हणतो की संकटात मी त्याच्याजवळ राहीन, हे त्यांनीच पुढच्या भेटीत मला दाखवलं. संकट येणारच नाही असं त्या ओळीत लिहिलेलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. त्या रात्री बोटीत सासूबाईंचा दुसरा हात कुणी धरला होता, असं मी विचारलं. पलीकडच्या गल्लीतला एक मुसलमान मुलगा. त्याचं नावही त्यांना माहीत नाही. त्या रडल्या, आणि त्या दिवशी आम्ही तिथंच थांबलो.

‘भिऊ नको’ हे बायबलात पुन्हा पुन्हा येतं. मला वर्षानुवर्षं ते फर्मानासारखं ऐकू यायचं. आता वाटतं, पोर रात्री दचकून उठलं की आई ‘भिऊ नको, मी आहे’ म्हणते, त्या वेळी ती पोराला काही गुन्हा लावत नसते.

भीती पूर्ण जाईल असं मी मावशींना कधी म्हटलं नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप नसेल, छाती धडधडत असेल, जगणं नको वाटत असेल, तर पाळकांना भेटा आणि डॉक्टरांनाही भेटा. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही लागतो.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री सव्वाआठला मावशींचा फोन आला. पातळी बघून झाली होती, काळजीचं नव्हतं. सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून त्या शेहेचाळिसावं स्तोत्र मोठ्यानं वाचत होत्या, ‘देव आमचा आश्रय व आमचे सामर्थ्य आहे’. पुढं समुद्राचं पाणी गर्जतं, खवळतं, आणि लगेच एका नदीचे प्रवाह देवाच्या नगराला आनंद देतात, तिथपर्यंत आल्या होत्या. सासूबाईंनी मधेच थांबवून विचारलं, “सिलिंडर बांधला का गं?”

“काय सांगितलंत?” मी विचारलं.

“म्हटलं, दुपारीच बांधला. मग म्हणाल्या, वाच आता पुढं.”