घोरपडीला नाव आहे, त्या दोघांना नाही

डब्लिन,
रविवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, सिंहगडावर घोरपडीनं खरंच माणसांना वर नेलं का?" आणि लगेच दुसरा प्रश्न: "वर्गातला एक मुलगा म्हणतो, ते सगळं खोटं आहे. मग तानाजीपण खोटा का?" फोन ठेवायची वेळ झाली आणि उत्तर अर्धं राहिलं. तुमची सहल पुढच्या आठवड्यात आहे, म्हणून आता नीट लिहिते. मध्ये थोडे हिशोब आहेत. ते नुसते वाचू नकोस, वहीत करून बघ.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. तानाजी मालुसरे खरे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, होता. माघ वद्य नवमीच्या रात्री, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० ला, तानाजींनी तो परत घेतला आणि त्यातच ते पडले. कृष्णाजी अनंत सभासद हे शिवाजीमहाराजांच्या पदरचे. त्यांनी घटनेनंतर तीस वर्षांच्या आत, राजाराममहाराजांसाठी जिंजीला बसून बखर लिहिली. तिच्यात ही हकिकत आहे. पाचशे माणसं गडाखाली गेली. त्यांतून दोन चांगले मर्दाने मावळे निवडले. ते रात्री वानरासारखे कडा चढून गेले. त्यांनी वरून 'माळ' लावली आणि तिच्यावरून तानाजींसह तीनशे माणूस वर आलं.

बखरीत घोरपड कुठेच नाही. दोन माणसं आहेत.

घोरपड येते पोवाड्यात. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात तिला नावही आहे, यशवंती. ती आधी माघारी फिरते, मग धाक घातल्यावर चढते. ही कल्पना तानाजींच्याही आधीची आहे. मुधोळच्या घोरपडे घराण्यात सांगतात की बहामनी काळात त्यांच्या पूर्वजांनी खेळणा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, घोरपडीला दोर बांधून घेतला आणि त्यावरून आडनाव पडलं. म्हणजे ही गोष्ट सह्याद्रीत आधीपासून फिरत होती, शाहिरानं ती सिंहगडाच्या कड्याला आणून लावली. डफ आणि तुणतुण्यावर, चावडीपुढे बसलेल्या माणसांना अंधारातला कडा दिसायला हवा, तर त्यावर काहीतरी सरपटताना दिसायला हवं. शाहिराचं काम त्यानं चोख केलं. इतकं चोख, की साडेतीनशे वर्षांनी तूसुद्धा घोरपडीबद्दलच विचारतेस.

आता घोरपडीला जमलं असतं का, ते पाहू. मोठ्यात मोठी घोरपड शेपटीसकट पावणेदोन मीटरची आणि फार तर सात किलोची. नख्या जबरदस्त. कपारीत घुसून अंग फुगवलं की ओढून निघत नाही, हे खरं आहे आणि गोष्टीचं मूळ बहुधा तिथेच आहे. हिशोबासाठी कडा ४० मीटर धरू. माणसाला पेलणारा दोन सेंटिमीटर जाडीचा वाखाचा दोर मीटरला साधारण पावणेतीनशे ग्रॅम भरतो. चाळीस मीटरचे झाले अकरा किलो. म्हणजे माणूस लटकायच्या आधीच घोरपडीला स्वतःच्या दीडपट वजन उभ्या कातळावर ओढायचं आहे. वर गेल्यावर ती कुठे बसणार, दोर कशाला अडकणार, हे तिला कोणी सांगायचं? शिवाय ती दिवसाचा प्राणी आहे. उन्हात अंग तापल्याशिवाय तिला हालचाल जमत नाही. माघातली रात्र, चार हजार फुटांवरचा गार वारा: घोरपड बिळात थंड पडलेली असणार.

म्हणून माझं लक्ष त्या दोघांकडे जातं. त्यांना काय काय करावं लागलं असेल, ते आता बघ.

पहिलं, जागा. गडाला तट सगळीकडे सारखा नसतो. जिथे कडा तुटलेला, तिथे तट ठेंगणा किंवा नाहीच, कारण तिथून कोण येणार! पहारा दरवाजांवर दाट आणि कड्यावर विरळ. म्हणून कड्याची वाट निवडली.

मग कातळ. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा. कठीण थराचा उभा कडा, मधल्या मऊ थराची झीज होऊन पडलेली आडवी पट्टी, तिच्यावर गवत, मग पुन्हा कडा. पट्टीवर दम खाता येतो, पण घात तिथेच होतो. माघात ते गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, पाय टाकला की तेल लावल्यासारखा सरकतो आणि मूठ धरली की मुळासकट हातात येतं. जाणता चढणारा गवताला हात लावत नाही, त्यामागची खोबण शोधतो. दगड धरण्याआधी मुठीनं हलकेच ठोकतो. पोकळ आवाज आला की तो सोडून द्यायचा. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले, चौथाच हलवायचा. घाबरलेला माणूस कातळाला पोट चिकटवतो. तसं केलं की पाय दिसत नाहीत आणि ते बाहेर घसरतात. अंग कातळापासून थोडं सुटं ठेवायचं, वजन पायांवर. हातांवर वजन घेतलं की दहा मिनिटांत बोटं उघडतात.

आणि हे सगळं आवाज न करता. निसटलेला मुठीएवढा दगड रात्री खालपर्यंत टणटणत जातो. कड्यावर आग्या मोहळ असलं तर त्याला धक्का लागून चालत नाही. मोहळं कुठे लागतात, गवत कुठून कापतात, शेळी अडकली तर कुठून उतरतात, हे डोंगरातल्या गुराखी पोरांना ठाऊक असतं. मावळ्यांचं प्रशिक्षण कुठल्या मैदानावर झालेलं नव्हतं, ते असल्या कड्यांवर लहानपणीच झालेलं होतं.

ते दोघं जाड दोर घेऊन चढले असतील असं मला वाटत नाही. अकरा किलो पाठीवर असले की तोल मागे जातो. कमरेला बारीक दोरी बांधायची, वर पोचल्यावर ती खाली सोडायची, खालच्यांनी तिला जाड दोर बांधायचा आणि मग तो ओढून घ्यायचा. विहिरीवर जड वस्तू काढतानाही आपल्याकडे असंच करतात.

वर दोर कशाला बांधायचा, हा खरा पेच. कड्याच्या काठावरचं झुडूप उथळ मातीत असतं, एका माणसाला पेलेल, चौथ्याला उपटून येईल. काठापासून मागे सरकून मोठा रुतलेला धोंडा किंवा बांधकाम शोधायचं, आणि एकाच जागी न बांधता दोन ठिकाणी बांधायचं. जिथे दोर काठावरून खाली वळतो तिथे घोंगडी घडी करून घालायची, नाहीतर प्रत्येक माणसागणिक दोर कातळाच्या धारेवर घासतो आणि तिथेच तुटतो. गाठ मारली की दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्यानं ते निम्म्यानं उतरते, म्हणून मधे जोड नको.

'माळ' म्हणजे दोरांची शिडी. दोन उभे दोर, मधे आडव्या पायऱ्या. सव्वा फुटावर एक पायरी धरली तर ४० मीटरला १०५ पायऱ्या होतात. आता पेन्सिल घे. कमरेला तलवार, पाठीला ढाल आणि हलणारी शिडी, म्हणजे एका माणसाला तीन मिनिटं तरी हवीत. तीनशे माणसं, एकामागून एक: ९०० मिनिटं, म्हणजे १५ तास. रात्रच तेवढी मोठी नाही! म्हणजे एका वेळी पाच जण तरी माळेवर असले पाहिजेत. मग तीन तास लागतात. माळा दोन असल्या तर दीड. पण पाच जण म्हणजे सव्वातीनशे किलो, आणि तेही हिसके देत. आता घोंगडी आणि दोन ठिकाणचा बांध का हवा, ते तुझं तुला कळेल.

तिथीही बघ. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. गडाखाली जमायला काळोख आणि पुढच्या झटापटीला चांदणं, दोन्ही एकाच रात्रीत.

तीन वर्षांनी, ६ मार्च १६७३ ला, कोंडाजी फर्जंद यांनी पन्हाळा असाच रात्री घेतला, बरोबर फक्त साठ माणसं. वर पोचल्यावर त्यांनी कर्णे फुंकले. झोपेतून उठलेल्या शिबंदीला, म्हणजे गडावरच्या फौजेला, साठ जण आलेत की सहाशे, ते अंधारात कळेना. कोंढाण्यावर आवाज होऊ द्यायचा नव्हता, पन्हाळ्यावर आवाज हेच हत्यार होतं. मला पन्हाळ्याची ही मोहीम आखणीच्या दृष्टीनं जास्त देखणी वाटते, पण तिच्याबद्दल मुलांना फारसं कुणी सांगत नाही.

हिरकणीबद्दलही तू मागे विचारलं होतंस. रायगडावरचा बुरूज खरा, कथा मात्र तोंडोतोंडी आलेली दंतकथा. पण ज्यानं ती रचली त्याला डोंगर माहीत होता. त्यानं कोजागरी निवडली, कारण पौर्णिमेला रात्रभर चंद्र असतो. आणि तिला चढवलं नाही, उतरवलं. उतरणं चढण्यापेक्षा अवघड. चढताना पुढची खोबण डोळ्यांसमोर असते, उतरताना ती पायाखाली असते आणि दिसत नाही, पायाच्या अंगठ्यानं चाचपावी लागते. आश्विनात कडे पुरते वाळलेले नसतात, पाझर चालू असतो. घरी तान्हं बाळ असलेली तरुण आई तिथून उतरली, हे ऐकताना अंगावर काटा येतो तो उगीच नाही.

सगळी धाडसं कड्यावरचीच असतात असं नाही. तुझ्याहून लहान मुलाचं सांगते. संभाजीराजे आग्र्याला गेले तेव्हा नऊ वर्षांचे होते. ऑगस्ट १६६६ मध्ये तिथून निसटल्यावर महाराज पुढे गेले आणि त्यांना मथुरेला मोरोपंत पिंगळ्यांच्या नातलगांकडे ठेवलं. संभाजीराजे राजगडावर परतले नोव्हेंबरमध्ये. म्हणजे तीन महिने परक्या गावात, परक्या घरचं मूल म्हणून राहायचं, बोलण्यात खरी ओळख येऊ द्यायची नाही, वडिलांचं नाव तोंडातून निसटू द्यायचं नाही. इकडे तर ते वारल्याची आवई उठवलेली. धाडस म्हणजे उडी, असं वाटत असेल तर हे तीन महिने आठव.

आणि नंदुरबारचे शिरीषकुमार मेहता. ९ सप्टेंबर १९४२, वय १५. हातात तिरंगा, पुढे पोलिसांच्या बंदुका. त्या दिवशी त्यांच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही पडले. त्या पाचांची नावं गावानं जपली, तिथे स्मारक आहे. कोंढाण्याच्या त्या दोघांची नावं कुणी टिपून ठेवली नाहीत. मला ते लागतं, मनू. घोरपडीला यशवंती म्हणायचं आणि जे बोटांच्या पेरांवर कातळ धरून वर गेले ते 'दोन मावळे'. म्हणून वर्गातल्या त्या मुलाशी भांडू नकोस, त्याला एवढंच सांग: घोरपड गोष्टीतली आहे, तिच्या जागी खरं तर दोन माणसं होती. आणि मग त्याला पंधरा तासांचा हिशोब घाल.

आता सहलीचं. पुणे दरवाजानं वर गेलात की तानाजींची समाधी बघाल. राजाराममहाराजांची समाधीही त्याच गडावर आहे. ज्यांच्यासाठी सभासदांनी ती बखर लिहिली, तेच हे. कुणी सांगेल की तानाजींमुळे गडाला सिंहगड नाव पडलं. ऐकून घे, पण ते नाव १६६३ च्या पत्रातही आहे. मग कल्याण दरवाजाच्या बाजूला ये आणि नैऋत्येला बघ. हवा स्वच्छ असेल तर राजगड दिसेल, सरळ रेषेत पंधराएक किलोमीटर. गड हाती आल्यावर पागेची घरं पेटवली, तो उजेड महाराजांनी तिथून पाहिला, असं सभासद लिहितात. राजगडाच्या उजवीकडे तोरणा. तो घेतला तेव्हा महाराज सोळा-सतरा वर्षांचे होते.

तानाजी कड्यापाशी कठड्याच्या आतच राहा, वाळलेल्या गवतावर पाऊल टाकू नकोस, का ते वर लिहिलं आहे. दगड खाली टाकायचा नाही, खाली माणसं असतात. तिथून फक्त एवढं कर: कातळात आडव्या पट्ट्या किती दिसतात ते मोज आणि वहीत कड्याचं चित्र काढ. तू चढणारी असतीस तर पहिला दम कुठल्या पट्टीवर खाल्ला असतास, तिथे फुली मार. पाण्याच्या दोन बाटल्या ने, आणि पिठलं-भाकरी खाताना आजोबांसाठी मडक्यातलं दही विसरू नकोस.

चित्राचा फोटो पाठव. आजीला साष्टांग नमस्कार.

तुझी,
आई